जनुकातला 'ध'चा 'मा'

बोटाला सुई टोचायची, रक्ताचा एक थेंब काचेच्या छोट्या नळीतल्या द्रावणात सोडायचा आणि पाचेक मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर मूल वर्गात पळतं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर वहीत त्याच्या नावापुढे खूण होते. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पहिली चाचणी होते ती अशी. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वीज लागत नाही.

जनुक म्हणजे काय, हे समजावून सांगायला या नळीइतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही. जनुकावरचे बहुतेक लेख मेंडेलच्या वाटाण्यापासून सुरू होतात. वाटाणा महत्त्वाचा आहेच, पण उंच झाड आणि बुटकं झाड यांच्यामध्ये नेमकं काय घडतं, हे त्यात दिसत नाही. नळीतल्या गढूळपणामागे काय आहे, ते मात्र आज आपल्याला अणूंच्या पातळीपर्यंत माहीत आहे.

मूळ मजकुरापासून सुरुवात करू. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांबलचक धागे असतात. त्या धाग्यांवर चारच अक्षरं पुन्हापुन्हा येतात : ए, टी, जी आणि सी. ही चार रसायनांची आद्याक्षरं. आईकडून आलेल्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं, वडिलांकडून आलेल्या संचात तेवढीच. या अफाट मजकुरात मध्येमध्ये असे तुकडे येतात, की ज्यांत एखादं प्रथिन कसं बांधायचं ते लिहिलेलं असतं. अशा तुकड्याला जनुक म्हणायचं. माणसात प्रथिनांची अशी जनुकं साधारण वीस हजार आहेत, आणि प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर सगळ्या डीएनएच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त नाही. प्रथिन न बनवता इतर कामं करणारी जनुकंही आहेत, पण त्यांची गोष्ट वेगळी.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी आणि डॉक्टरांचा सल्ला आठवतो. शरीराच्या दृष्टीने प्रथिन म्हणजे काम करणारा हात. अन्न पचवणारी विकरं, स्नायूंतले ताणणारे-आखडणारे धागे, रोगजंतूंना पकडणारी प्रतिपिंडं ही सगळी प्रथिनं. आणि रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन हेही प्रथिनच.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. मंगळसूत्रात मणी ओवावेत तशी ही आम्लं एकामागून एक ओवलेली असतात. फरक इतकाच, की इथे मण्यांचे वीस प्रकार आहेत आणि कुठल्या जागी कुठला मणी हे ठरलेलं आहे. माळ ओवून झाली की ती आपोआप गुंडाळी होऊन एक ठरावीक आकार घेते. तो आकार जमला तर प्रथिन काम करतं.

बीटा साखळीचं जनुक आपल्या अकराव्या गुणसूत्रावर आहे. लांबी जेमतेम १६०० अक्षरं. तहसील कचेरीतून मूळ दस्त कुणी घरी नेऊ देत नाही, त्याची नक्कल मिळते. पेशीही तेच करते. मूळ डीएनए केंद्रकातच राहतो आणि जनुकाची आरएनए नावाची नक्कल बाहेर येते. वाटेत तिच्यातले निरुपयोगी तुकडे कापले जातात आणि बीटा साखळीचा ४४४ अक्षरांचा नेटका मजकूर उरतो. रायबोझोम नावाचं यंत्र तो तीन-तीन अक्षरांनी वाचत जातं आणि प्रत्येक तिकडीमागे एक मणी ओवतं. नक्कल करताना टी या अक्षराच्या जागी यू येतं, पण सोय म्हणून मी इथे डीएनएचीच अक्षरं वापरतो.

कुठली तिकडी कुठल्या आम्लाची, हा कोश १९६०च्या दशकात उलगडला. त्यात मार्शल निरेनबर्ग यांच्याबरोबर हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. फाळणीपूर्व पंजाबातल्या रायपूर या खेड्यात जन्मलेल्या खुरानांनी हव्या त्या क्रमाची साखळी प्रयोगशाळेत जोडून दाखवली, आणि १९६८चं नोबेल पारितोषिक निरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांच्यासह त्यांना मिळालं. चार अक्षरांच्या चौसष्ट तिकड्या होतात आणि अमिनो आम्लं मात्र वीस. त्यामुळे एकाच आम्लासाठी दोन-दोन, चार-चार तिकड्या आहेत, आणि तीन तिकड्या 'इथे थांब' असं सांगतात. जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल. जीएए म्हणजेही ग्लुटामिक आम्लच. म्हणजे जीएजीचं जीएए झालं तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण जीएजीचं जीटीजी झालं तर?

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते. १७७३ साली गारद्यांना दिलेल्या हुकुमात 'धरावे' होतं, कुणीतरी 'ध'चा 'मा' केला आणि शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या पेशव्याचा जीव गेला, अशी ती आख्यायिका. ती इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा वाद बाजूला ठेवू. एक अक्षर बदललं की हुकूम किती बदलतो, हे सांगायला मराठीत याहून नेमका वाक्प्रचार नाही.

बीटा साखळीच्या सहाव्या तिकडीत मधल्या एचं टी होतं, तेव्हा असाच 'ध'चा 'मा' होतो. जीटीजीचा अर्थ व्हॅलिन. १४६ मण्यांपैकी सहावा मणी बदलतो, बाकीचे १४५ जागच्या जागी. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं आहे, पाण्यापासून अंग चोरणारं. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो, आणि शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते. हे तेलकट व्हॅलिन नेमकं त्या खाचेत जाऊन बसतं. एका रेणूला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा, आणि बघताबघता पेशीत लांब ताठ दोरखंड तयार होतात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. एवढ्यांनी दोर वळला की वाटोळी, लवचिक पेशी ताणली जाऊन वाकते आणि विळ्यासारखी दिसू लागते. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, म्हणून नाव सिकलसेल. नळीतल्या द्रावणाने रक्तातला प्राणवायू काढून घेतला, त्यामुळे हे दोर विरघळेनासे झाले आणि रेघा झाकल्या गेल्या.

या वाकलेल्या पेशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. पानथरी आधी सुजते, पुढे निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. थंडी वाजली, अंगातलं पाणी कमी झालं, अतिश्रम झाले की कळा उठतात. विदर्भाच्या मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसाला यातलं काय काय टाळता येणार?

हा सगळा उलगडा व्हायला अर्धशतक लागलं. ग्रेनाडा बेटावरून शिकागोत दंतवैद्यकी शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याची नोंद जेम्स हेरिक यांनी १९१० साली केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं आणि निरोगी माणसांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवलं, तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. आजार पेशीचा नाही, रेणूचा आहे, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. पण फरक रेणूत नेमका कुठे? ते केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. त्यांनी हिमोग्लोबिनचे विकराने लहानलहान तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. दोन्ही कागदांवरचे ठिपके जुळले, एक ठिपका मात्र सरकलेला होता. त्या ठिपक्याचा पाठपुरावा करत १९५७ साली ते एका अमिनो आम्लापर्यंत पोचले. जनुकातला बदल प्रथिनातला एखादाच मणी बदलू शकतो, याचा हा पहिला थेट पुरावा. आनुवंशिकतेच्या इतिहासात डीएनएच्या दुहेरी गोफाइतकंच मानाचं स्थान मी या सरकलेल्या ठिपक्याला देईन.

आता एक अडचण. जो बदल माणसाला इतका छळतो, तो टिकला कसा? पूर्वी उपचार नसताना असे बहुतेक रुग्ण बालपणीच दगावत. मुलं होण्याआधीच माणूस गेला, तर त्याच्या बरोबर ते जनुकही जातं. डार्विनने १८५९ साली मांडलेल्या नैसर्गिक निवडीचा हा साधा हिशेब. मग हे अक्षर कधीच पुसलं जायला हवं होतं. प्रत्यक्षात आफ्रिकेच्या काही भागांत चारपाच माणसांमागे एकाकडे ते सापडतं. आपल्याकडेही भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत वाहकांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर नोंदलेलं आहे.

उत्तर 'वाहक' या शब्दात आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. दोन्ही प्रती नीट असल्या की अहवालात 'एए' लिहितात. दोन्ही बदललेल्या असल्या की 'एसएस', म्हणजे रुग्ण. एक नीट आणि एक बदललेली असली की 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं. नेहमीच्या आयुष्यात त्याला काही त्रास होत नाही. नळीत मात्र त्याचंही रक्त गढूळ होतं, म्हणून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरवायला पुढची चाचणी करावी लागते. त्यातली एक म्हणजे पॉलिंग यांचीच, विद्युतक्षेत्रात सरकवण्याची.

केनियात वाढलेले अँथनी अ‍ॅलिसन हे वैद्यकीचे तरुण विद्यार्थी १९४९ साली तिथल्या निरनिराळ्या जमातींचं रक्त तपासत होते. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराभोवती वाहक भरपूर, उंच कोरड्या डोंगराळ भागात जवळजवळ नाहीत. हा नकाशा त्यांना ओळखीचा वाटला. तो हिवतापाचा नकाशा होता. पुढे त्यांनी मुलांचं रक्त तपासलं आणि १९५४ साली निष्कर्ष छापला : वाहक मुलांना हिवतापापासून संरक्षण मिळतं. नंतरच्या अभ्यासांनी हे पक्कं केलं. जीवघेण्या हिवतापाचा धोका वाहकांत सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतो. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत घुसून तिथे वाढतो. वाहकाच्या पेशीत त्याची वाढ नीट होत नाही, आणि तो घुसलेली पेशी लवकर वाकते, म्हणून पानथरी तिला परजीवीसकट गिळून टाकते.

म्हणजे जिथे हिवताप पोरं नेतो, तिथे 'एए' मुलाला हिवतापाची भीती, 'एसएस' मुलाला सिकलसेलची, आणि 'एएस' मूल दोहोंतून वाचतं. वाचतं, मोठं होतं आणि आपलं बदललेलं अक्षर पुढे देतं. अक्षर टिकलं ते असं.

पण मग ते सगळ्यांमध्येच का पसरलं नाही? आकडे मांडून पाहा. समाजात शंभरात दोन वाहक असतील, तर नवरा-बायको दोघंही वाहक असण्याची शक्यता अडीच हजारांत एक, आणि अशा जोडप्याचं प्रत्येक मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे दहा हजारांत एक रुग्ण. वाहक शंभरात वीस झाले तर? पंचवीस जोडप्यांत एक जोडपं दोघंही वाहक, आणि शंभरात एक मूल रुग्ण. वाहक दहापट वाढले, तर रुग्ण शंभरपट. विरळ असताना हे अक्षर फक्त रक्षण करतं. दाट झालं की त्याची स्वतःशीच गाठ पडू लागते आणि प्रत्येक रुग्ण मुलाबरोबर त्याच्या दोन प्रती नाहीशा होतात. हिवतापापासूनच्या रक्षणाचा लाभ आणि आजाराने होणारी हानी जिथे समसमान होते, तिथे प्रमाण थांबतं. हिवताप जितका भीषण, तितका तो थांबा वरचा.

उत्क्रांती म्हणजे सतत वर चढत जाणारी शिडी, असं चित्र आपल्या मनात असतं. ते चित्र इथे पार मोडतं. हा बदल कुणी हिवतापावर उपाय म्हणून घडवला नाही. डीएनएची नक्कल होताना चुका होतातच. आईवडिलांकडे नसलेले साठ-सत्तर नवे बदल प्रत्येक बाळ घेऊन येतं आणि त्यांतल्या बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही. हा एक बदल झाला तेव्हा बाहेर डास होते, म्हणून तो उरला. आणि डास का होते? अमेरिकन मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी १९५८ साली दाखवून दिलं, की पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून शेती आली, वस्त्या दाट झाल्या, पाणी साचलं आणि हिवताप फोफावला. माणसाने नांगर धरला आणि त्याच्या रक्तातलं एक प्रथिन बदलत गेलं! गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांत आज वाहक तेरांत एक आहेत, पश्चिम आफ्रिकेपेक्षा पुष्कळ कमी. याला इतर समाजांशी झालेला संकर कारण आहे, तसंच हिवतापाचा पहारा उठला हेही.

हिवतापाने दुसरीकडे दुसरे बदल टिकवले. पश्चिम आफ्रिकेत त्याच सहाव्या जागी लायसिन आलेलं हिमोग्लोबिन सापडतं. आपल्या ईशान्य भारतात सव्विसाव्या जागी बदल झालेलं हिमोग्लोबिन ई मोठ्या प्रमाणावर आहे. भारतातल्या सिकलसेलच्या जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए आफ्रिकेतल्याहून वेगळा आहे, त्यामुळे आपल्याकडचा बदल स्वतंत्रपणे झाला असं बरेच अभ्यासक मानतात. सगळ्यांचा उगम एकच, असंही काहींचं म्हणणं आहे. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली नीलगिरीतल्या आदिवासींत झाली.

हिमोग्लोबिनच्या जनुकात याहूनही जुना इतिहास आहे. अल्फा, बीटा आणि गर्भात असताना वापरली जाणारी गॅमा या साखळ्या एकमेकींच्या बहिणी आहेत. एका मूळ जनुकाच्या चुकून जादा प्रती झाल्या आणि प्रत्येक प्रत वेगळी होत गेली. माणसाच्या आणि चिंपांझीच्या हिमोग्लोबिनमधली अमिनो आम्लं एकाच क्रमाने येतात, एकही फरक नाही. नातं वनस्पतींपर्यंत जातं. सोयाबीनचं जोमदार रोप उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी रंग दिसतो. तो हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या एका प्रथिनाचा आहे.

गॅमा साखळीचं महत्त्व आणखी एका कारणासाठी. तिच्यात ते व्हॅलिन नाही, म्हणून बाळ पहिले काही महिने सुखरूप असतं. गॅमाचं जनुक मिटलं की आजार दिसू लागतो. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीने गॅमा साखळीचं हिमोग्लोबिन वाढतं आणि कळा कमी होतात. २०२३च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकसंपादनाचा उपचारही गॅमाचं मिटलेलं जनुक पुन्हा जागं करतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. ती ऐकून मेळघाटातल्या बापाला काय वाटेल, हे लिहायची गरज नाही. दिल्लीतल्या जनुकशास्त्राच्या सरकारी संस्थेत, आयजीआयबीत, स्वस्त देशी उपचारावर काम चालू आहे. ते लवकर तडीस जावो.

तोवर हातात आहे ती नळी. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी होते, पण तिचा अर्थ घरापर्यंत पोचत नाही. आजारी मूल झालं की दोष सुनेला दिला जातो, कधी तिला माहेरी धाडलं जातं. हा अन्याय आहे, आणि तो अज्ञानातून होतो. 'एसएस' मुलाकडे एक प्रत आईकडून आलेली असते आणि एक वडिलांकडूनच. वाहकाला रोगी समजून त्याचं लग्न अडवणं हेही तितकंच चूक. 'चारात एक' याचा अर्थ पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असाही नाही. प्रत्येक गरोदरपणी फासा नव्याने पडतो. आणि हा आजार फक्त आदिवासींचा आहे, हा समजही सोडायला हवा. विदर्भात तो अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागास समाजांतही आहे, आणि कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईत आलेल्या कुटुंबांबरोबर तो तिथेही आला आहे.

तुमचं मूळ गाव विदर्भात किंवा खानदेशात असेल, तर घरातल्या लग्नाच्या मुलामुलींची तपासणी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जरूर करून घ्या, आणि नळी गढूळ झाली तर पुढच्या चाचणीचा अहवाल हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. लग्न ठरवताना दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहा. दोघांपैकी एकाचा जरी 'एए' असला, तरी त्यांच्या मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही.